आडर पण

जबलपूरच्या सदरमध्ये संध्याकाळी सातनंतर गाडी लावायला जागा शोधावी लागते. छावणीचा हा बाजार एकेकाळी पलटणींच्या गरजा भागवायचा. आता अख्खं शहर कपड्यांना, चपलांना आणि खाण्याला इथे लोटतं. अशाच एका संध्याकाळी स्कूटरला टेकून भाचीनं मला तिचा फोन दाखवला. ती इंजिनीअरिंगला आहे आणि एका मिठाईवाल्यासाठी ॲप बनवत होती. घरबसल्या खोव्याची जिलेबी मागवायची, एवढंच त्याचं काम. भाषा दोन, हिंदी आणि मराठी. जबलपूर १८१७पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होतं आणि पुढे १८६१ ते १९५६ नागपूर राजधानी असलेल्या राज्यात, त्यामुळे इथल्या दुकानदाराला मराठी गिऱ्हाईक नवं नाही.

मी मराठी निवडलं, पाव किलो जिलेबी टाकली, पैसे भरल्याचं नाटक केलं. शेवटी गोल कोपऱ्यांची, जिलेबीच्याच गडद तपकिरी रंगाची एक देखणी पट्टी वर आली. तिच्यावर लिहिलं होतं : ‘आडर पण’.

“पण काय?” मी विचारलं.

भाचीनं फोन हिसकावून घेतला. तिला लिहायचं होतं ‘ऑर्डर पूर्ण’. वरचा चंद्र गेला, दोन्ही रफार गेले, ‘पू’चा ऊकार गेला. हिंदीत ‘ऑर्डर हो गया’चं ‘आडर हा गया’ झालं होतं. अक्षरं टाइप करताना काहीच चुकलं नव्हतं. अक्षरांच्या मागे जी रंगीत पट्टी होती, तिनं ती कापली होती. या प्रकरणात त्या पट्टीचीच गोष्ट आहे : ॲपमधल्या बटणाच्या, कार्डाच्या, मथळ्याच्या मागचा आकार कसा बनतो आणि त्यात रंगाचा उतार, म्हणजे ग्रेडियंट, कसा भरतात.

चित्र नको, नियम द्या

नवशिक्याला पहिली युक्ती सुचते ती चित्राची. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये गोल कोपऱ्यांची पट्टी काढायची, तिची फाइल करायची आणि बटणाच्या मागे चिकटवायची. एका फोनवर छान दिसतं. दुसऱ्या फोनचा पडदा मोठा असला की चित्र ताणलं जातं, कोपरे लांबट होतात, कडा धूसर दिसतात.

शिवाय चित्र जड असतं. १०८० गुणिले २४०० पिक्सेलचा पडदा घ्या. पिक्सेल झाले २५,९२,०००. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता मिळून चार बाइट. पूर्ण पडद्याचं एक चित्र उघडलं की फोनच्या स्मृतीत सुमारे एक कोटी चार लाख बाइट अडकतात. डिस्कवर ती फाइल दाबून कितीही लहान केलेली असो, उघडल्यावर हा हिशेब चुकत नाही.

दुसरी पद्धत आपल्या अंगणात फार जुनी आहे. ठिपक्यांची रांगोळी ज्यांना येते त्या बायका चित्र बरोबर घेऊन फिरत नाहीत. त्यांच्या डोक्यात असतो नियम : मधे सात ठिपके, दोन्ही बाजूंना पाच, तीन, एक, मग अमुक ठिपका तमुक ठिपक्याला जोडायचा. अंगण लहान असेल तर ठिपके जवळ येतात, मोठं असेल तर लांब जातात. नियम बदलत नाही आणि रेघ कधी फाटत नाही.

अँड्रॉइडमध्ये अशा नियमाच्या फाइलला शेप ड्रॉएबल म्हणतात. पाच-सात ओळींचा मजकूर असतो. आकार कोणता? आयत, लंबवर्तुळ, रेघ किंवा कडं, या चारांतला एक. कोपऱ्यांची गोलाई किती, आतला रंग कोणता, काठ किती जाड आणि कुठल्या रंगाचा, आत मोकळी जागा किती सोडायची. बस्स. हे वाचून फोन स्वतः रेखाटन करतो, त्याच्या त्याच्या पडद्याच्या मापानं.

माप सांगण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. इथे पिक्सेल सांगत नाहीत, ‘डीपी’ सांगतात. इंचात १६० पिक्सेल असलेल्या पडद्यावर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल. इंचात ४८० असतील तर तोच १ डीपी ३ पिक्सेलचा होतो. म्हणून १६ डीपी गोलाई एका फोनवर १६ पिक्सेलची असते, दुसऱ्यावर ४८ची, पण बोटाखाली दोन्हीकडे जवळपास सारखीच वाटते.

कोपरा

गोल कोपऱ्याच्या आयताची आपल्याला इतकी सवय झालीय की तो कुणीतरी मुद्दाम संगणकात आणला, हे विसरायला होतं. १९८१मध्ये ॲपलचा प्रोग्रॅमर बिल ॲटकिन्सन यानं लंबवर्तुळं झटपट काढण्याची युक्ती शोधली. त्या काळच्या प्रोसेसरला वर्गमूळ काढणं महागात पडायचं. ॲटकिन्सननं विषम संख्यांची बेरीज वापरली : १ अधिक ३ म्हणजे ४, १ अधिक ३ अधिक ५ म्हणजे ९, पुढे ७ मिळवले की १६. वर्गसंख्या नुसत्या बेरजेनं पदरात पडतात. आपल्या एक-तीन-पाच-सातच्या ठिपक्यांना हे गणित परकं नाही.

लंबवर्तुळं पाहून स्टीव्ह जॉब्जनं विचारलं की गोल कोपऱ्यांचे आयत जमतील का. ॲटकिन्सनला त्यांची गरज वाटेना. जॉब्जनं त्याला खोलीतल्या वस्तू दाखवल्या, मग रस्त्यावर फिरवून आणलं आणि ‘नो पार्किंग’च्या पाटीपर्यंत असे आयत मोजून दाखवले. दुसऱ्या दिवशी दुपारी ॲटकिन्सननं ते पडद्यावर उतरवलेले होते. ही हकिकत त्याचा सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यानं लिहून ठेवली आहे. सदरच्या रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधताना मला ती पाटी दरवेळी आठवते.

कोपऱ्यात दोन बारकावे आहेत. पहिला, एकात एक बसणाऱ्या आकारांचा. बाहेरच्या कार्डाला १६ डीपी गोलाई दिली, आत ८ डीपी जागा सोडून जिलेबीचा फोटो बसवला आणि फोटोलाही १६चीच गोलाई दिली, तर कोपऱ्यात पांढरी पट्टी जाड दिसते, बाजूला बारीक. डोळ्याला खुपतं, पण काय खुपतं ते सांगता येत नाही. नियम सोपा आहे : बाहेरच्या गोलाईतून मधली जागा वजा करायची. १६ वजा ८, आतली गोलाई ८. एकात एक बसणाऱ्या डब्यांकडे पाहिलं की पटतं. आतला डबा बाहेरच्याहून लहान तर असतोच, त्याची गोलाईही त्या मापानं लहान असते.

दुसरा बारकावा गोळीच्या आकाराच्या बटणाचा, ज्याची दोन्ही टोकं अर्धगोल असतात. त्यासाठी गोलाई उंचीच्या निम्मी हवी. ४८ डीपी उंचीला २४. पण उद्या उंची बदलली तर? अँड्रॉइडचा शेप इथे समजूतदार आहे. त्याला १०० डीपी गोलाई सांगितली तरी तो उंची-रुंदीत जी लहान असेल तिच्या निम्म्यावर थांबतो. म्हणजे मुद्दाम मोठा आकडा द्यायचा आणि उंचीची चिंता सोडायची.

काठ ताणायचा नसतो

काही आकार नियमात बसत नाहीत. चॅटमधला शेपटीवाला फुगा, नक्षीदार चौकट, हातानं काढलेली कडा. तिथे चित्रच लागतं. मग ताणण्याचं काय?

पैठणी विणताना काठाची रुंदी ठरलेली असते. साडी लांब झाली म्हणून काठ रुंद होत नाही. अंग वाढतं, काठ फक्त लांबीला वाढतो, आणि कोपऱ्यात काठ-पदर जिथे भेटतात तिथली नक्षी तशीच राहते. ‘नाइन-पॅच’ नावाची चित्रफाइल हेच करते. चित्राभोवती एक पिक्सेल रुंदीची चौकट जास्तीची ठेवतात आणि तिच्यात काळ्या रेघा ओढतात. वरची आणि डावीकडची रेघ सांगते की ताणायचं ते कुठे. त्या रेघांमुळे चित्राचे नऊ तुकडे पडतात. चार कोपरे जसेच्या तसे राहतात, चार कडा एकाच दिशेनं वाढतात आणि मधला तुकडा दोन्ही दिशांनी. उजवीकडची आणि खालची रेघ सांगते की मजकूर कुठून कुठपर्यंत बसवायचा. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, आपल्या ‘आडर पण’चं मूळ तिच्या आसपासच आहे.

बटणाला एकच रूप पुरत नाही, हेही इथेच सांगतो. दाबलेलं, न दाबलेलं, बंद असलेलं अशी रूपं एका यादीत लिहितात आणि फोन यादी वरून खाली वाचतो. पहिलं जुळेल तेच उचलतो. कुठलीच अट नसलेलं साधं रूप सगळ्यात वर लिहिलं, तर खालच्यांची पाळी कधीच येत नाही. बटण कितीही दाबा, रंग ढिम्म हलत नाही. त्यामुळे साधं रूप रांगेत शेवटी.

रंगाचा उतार

आता ग्रेडियंट. दोन रंग सांगायचे, दिशा सांगायची. मधल्या छटा फोन मोजून काढतो. प्रकार तीन. सरळ उतार एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जातो. गोल उतार मध्यातून बाहेर पसरतो, समईच्या उजेडासारखा. तिसरा घड्याळाच्या काट्यासारखा मध्याभोवती फिरतो.

दिशेत एक खड्डा आहे. अँड्रॉइडच्या शेप फाइलमध्ये ० अंश म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि ९० म्हणजे खालून वर. कोन ४५च्या पटीतच द्यायचा. वेबपानांच्या भाषेत मात्र ० अंश म्हणजे खालून वर आणि ९० म्हणजे डावीकडून उजवीकडे. वेबवर हात बसलेला माणूस अँड्रॉइडमध्ये आला की त्याचं आभाळ आडवं होतं.

भाचीला मथळ्यात नर्मदेच्या ग्वारीघाटावरची संध्याकाळ हवी होती : खाली नारिंगी, वर निळं. तिनं नारिंगीसाठी लाल २५५, हिरवा १४०, निळा ० असे आकडे दिले आणि आभाळासाठी ०, ११५, २५५. मधोमध आला सिमेंटचा राखाडी. असं का झालं ते बेरजेतच आहे. दोन्ही रंगांचे लाल मिळवून निम्मे केले तर १२७ आणि अर्धा, हिरव्याचे तेवढेच, निळ्याचेही तेवढेच. तिन्ही घटक सारखे झाले की रंग उरत नाही, नुसता राखाडी उरतो. फोननं सांगितलं तेच केलं. खरं आभाळ नारिंगीतून निळ्यात असं सरळ रेषेत जात नाही, वाटेत ते गुलाबी होतं. म्हणून शेप फाइलमध्ये मधला रंग देण्याची सोय आहे. तिथे फिकट गुलाबी ठेवला आणि नर्मदेवरचं सिमेंट गेलं.

दुसरी अडचण पायऱ्यांची. उतार गुळगुळीत दिसतो, पण असतो जिना. प्रत्येक घटकाला ० ते २५५ अशाच पातळ्या आहेत. रंग फार लांबचे असतील तर पायऱ्या पुष्कळ मिळतात. पण रात्रीच्या रूपासाठी २० पातळीचा राखाडी ते ५० पातळीचा राखाडी असा उतार २४०० पिक्सेल उंचीवर पसरवला, तर हाताशी फक्त ३१ पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी सुमारे ७७ पिक्सेल रुंद. पडद्यावर पट्टे उमटतात. त्यात आपले डोळे भर घालतात. दोन छटा जिथे भेटतात तिथे उजळ बाजू आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद भासते. हा भास १८६५मध्ये एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञानं मांडला. ध्वनीपेक्षा वेगवान विमानांचा वेग ज्याच्या नावानं मोजतात, तोच हा.

उपाय आपल्याकडे देवघरात टांगलेला आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४मध्ये मुंबईजवळ घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथे लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं दगडावरून छापली जात. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका दगडाची शाई एकाच छटेची. तिच्यात फिकं-गडद असं काही नाही. मग लक्ष्मीच्या गालावरची लाली हळूहळू फिकी होते कशी? कारागीर दगडावर ठिपके देत. दाट ठिपके तिथे रंग गडद, विरळ तिथे फिका. जवळ भिंग धरलं तर ठिपके दिसतात, दोन हात लांबून नुसती कांती दिसते. फोन हेच करू शकतो. दोन पायऱ्यांच्या सीमेवर दोन्ही छटांचे पिक्सेल विस्कटून मिसळायचे. याला डिदरिंग म्हणतात. सीमारेषाच मोडली की माखचा भास उभा राहायला जागा मिळत नाही.

नव्या पद्धतींत हे सगळं वेगळ्या वाक्यांत लिहितात. अँड्रॉइडसाठीच्या जेटपॅक कंपोझची पहिली पक्की आवृत्ती जुलै २०२१मध्ये आली. तिच्यात स्वतंत्र फाइल न करता ग्रेडियंटला ‘ब्रश’ म्हणून थेट कोडमध्ये बोलावतात. आयफोनसाठी वेगळी भाषा, दोन्हींसाठी चालणाऱ्या फ्लटरमध्ये वेगळी. पण नियम लिहायचा, चित्र चिकटवायचं नाही, हे सगळीकडे सारखं. राखाडी मध्य आणि ३१ पायऱ्या मात्र भाषा बदलून पळत नाहीत.

वर कोण बसणार?

रंग जमला की माणूस हुरळतो आणि त्यावर अक्षरं बसायची आहेत हे विसरतो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर साध्या आकाराच्या अक्षरांसाठी निदान ४.५ला १ असावं, मोठ्या अक्षरांसाठी ३ला १, असा वेबसाठीचा सर्वमान्य दंडक आहे आणि ॲपवालेही तोच पाळतात. काळ्यावर पांढरं म्हणजे २१ला १. शुद्ध पिवळ्यावर पांढरं म्हणजे जेमतेम १.०७ला १, असून नसून सारखंच. उतारावर हे गुणोत्तर जागोजागी बदलतं, म्हणून मोजायचं ते सगळ्यात वाईट जागी. तपकिरीपासून केशरीपर्यंतच्या पट्टीवर ‘खोव्याची जिलेबी’ पांढऱ्यात लिहिली तर ‘खोव्याची’ वाचता येईल, ‘जिलेबी’ मे महिन्याच्या उन्हात सदरच्या रस्त्यावर दिसणारच नाही.

फोटोवर नाव लिहायचं असेल तर मधे एक पातळ पडदा घालतात. वर पूर्ण पारदर्शक, खाली अर्धा काळा. अँड्रॉइडमधल्या रंगाच्या सांकेतिक आकड्यात पहिली दोन घरं अपारदर्शकतेची असतात आणि मोजणी दहाऐवजी सोळाच्या पटीत चालते. #८०००००००मधलं पहिलं ८० म्हणजे निम्मं, उरलेली शून्यं म्हणजे काळा. जिलेबीचा फोटो तसाच दिसतो आणि तळाशी पांढरी अक्षरं उठून येतात.

पडदा पांढरा हवा असेल तर सावध. ‘पारदर्शक’ या नावाचा तयार रंग खरं म्हणजे शून्य अपारदर्शकतेचा काळा असतो. पांढऱ्यापासून त्याच्यापर्यंत उतार काढला तर वाटेत तो अदृश्य काळा मिसळू शकतो आणि पांढऱ्यावर मळ चढतो. तिथे शून्य अपारदर्शकतेचा पांढरा असं स्पष्ट लिहायचं.

पूर्ण

आता स्कूटरपाशी परत. भाचीचा शेप निर्दोष होता. कोपरे गोल, रंग सुरेख, पांढरी अक्षरं वाचण्याजोगी. चुकलं होतं ते दोन ठिकाणी. नमुना म्हणून तिनं इंग्रजी बटण घेतलं होतं, आणि त्या अक्षरांच्या मापानं पट्टीची उंची पक्की बांधून टाकली होती. शिवाय अक्षर नेमकं मधोमध बसावं म्हणून फॉन्ट स्वतःभोवती जी जास्तीची जागा राखून ठेवतो, ती बंद केली होती. इंग्रजीत दोन्ही खपून गेलं.

देवनागरीचं बांधकाम वेगळं आहे. अक्षर शिरोरेषेला टांगलेलं. तिच्या वर चंद्र, रफार, मात्रा, अनुस्वार यांचा एक मजला आणि पायाशी उकार, ऊकार, ऋकार यांचा दुसरा. ‘पूर्ण’ या एका शब्दात दोन्ही मजल्यांवर बिऱ्हाडं आहेत. वरची जागा काढून घेतली तर उरतं ‘पूण’. खालची घेतली तर ‘पर्ण’, म्हणजे पान. दोन्ही घेतल्या तर ‘पण’. तिन्ही वेळा अक्षरं स्वच्छ, कोरीव दिसतात, म्हणून चूक पटकन ध्यानात येत नाही. धूसर झाली असती तर भाचीनं पहिल्याच दिवशी पकडली असती.

तिनं तिथेच लॅपटॉप उघडला. पट्टीची पक्की उंची काढली. उंची मजकुराला लागेल तेवढी, पण ४८ डीपीपेक्षा कमी नाही, कारण बोटाला तेवढी जागा लागतेच. अक्षरांच्या वर-खाली १२-१२ डीपी मोकळी जागा. फॉन्टची राखीव जागा परत चालू. गोलाईचा आकडा १०० केला, म्हणजे उंची कितीही झाली तरी टोकं अर्धगोल राहतील. आजोबांच्या फोनवर अक्षरं मोठी ठेवलेली असतात, तिथे पट्टी आपोआप फुगेल.

लग्नाच्या पंगतीत आधी ताट मांडतात आणि मग त्याच्या भोवती रांगोळीची महिरप काढतात. महिरप ताटाच्या मापानं वळते. आधी महिरप काढून मग ताट तिच्यात दाबून बसवायला कुणी जात नाही. ॲपमधला रंगीत आकार ही महिरपच आहे. भाचीनं ती आधी काढली होती.

तिनं ॲप पुन्हा चालवलं. पाव किलो जिलेबी, पैसे भरल्याचं नाटक, तपकिरी पट्टी. या वेळी ती किंचित उंच होती आणि तिच्यावर चंद्र, रफार, ऊकार सगळे आपापल्या जागी होते. ‘ऑर्डर पूर्ण’. मग आम्ही रस्ता ओलांडून खरी जिलेबी घ्यायला गेलो.